नायिकेचा नकार, गुण दहा

इंग्रजी साहित्यात एम.ए. करायला मी तिरोड्याजवळच्या आमच्या गावातून गोंदियाला जाणं-येणं करत असे. तिथले सर आम्हाला इंग्लंडच्या जुन्या कादंबऱ्या हिंदीत समजावून सांगत. त्यात त्यांचा दोष नव्हता. वर्गातले अर्धे हिंदीत विचार करत आणि उरलेल्यांना विचार करायची सवय नव्हती.

त्या वर्षी जी जाडजूड कादंबरी अभ्यासाला होती, तिच्यातल्या लोकांना कामधंदा असा काही नव्हता. फिरायला जायचं, चहा प्यायचा, पत्रं लिहायची आणि कोणाचं लग्न कोणाशी जमतं याची काळजी करायची. चहा आणि शेवटचं सोडलं तर आमच्याकडे यातलं काहीच चालत नाही. कथेत एक श्रीमंत जमीनदार एका साधारण घरच्या मुलीला मागणी घालतो आणि ती मुलगी नाही म्हणते. या नकारावर दहा गुणांचा प्रश्न हमखास येतो, असं सर सांगत. त्यांनी उत्तरही लिहून दिलं होतं. नायिका स्वाभिमानी, निर्भीड, स्वतंत्र विचारांची आणि काळाच्या पुढे. हा भाग शिकवताना ते खुर्चीतून उठून उभे राहत. अशा मुलीपुढे समाजाने मान झुकवावी, असं त्यांचं मत होतं. आम्ही मुली मान झुकवूनच बसलेल्या असायचो, कारण उत्तर उतरवून घ्यायचं होतं.

घरी मी अंगणात बाजेवर बसून ते पुस्तक वाचत असताना एकदा बाबांनी विचारलं, काय एवढं लिहिलं आहे त्यात. बाबा धानाची शेती करतात. मी त्यांना गोष्ट सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली आणि विचारलं, "जमीन सोताच वाहे का ठेक्यानं दे?"

"ठेक्यानं," मी म्हटलं.

"मंग बरोबर हाय. सोता चिखलात उतरला असता तं एवढा फुगला नसता."

सरांच्या नोट्समध्ये जमीनदाराच्या अहंकाराची पाच कारणं होती. हे त्यांत नव्हतं. पण बाबांचं नाव कोणत्याही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नसल्यामुळे मला ते परीक्षेत लिहिता येणार नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात मला एक स्थळ आलं. मुलाकडे राईस मिल होती, शेती होती, गोंदियात घर होतं. आईला हे सगळं मोबाईलवर आलेल्या बायोडाट्यातून कळलं आणि तिने तो बायोडाटा सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिला. एका रविवारी पाहुणे आले तेव्हा मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले, आणि समोर मुलाच्या बाजूला आमचे सर बसलेले. ते मुलाचे सख्खे मामा निघाले. स्थळ त्यांनीच सुचवलं होतं. वर्गातली कोणती मुलगी भाच्याला शोभेल याचा त्यांनी शांतपणे अभ्यास केला होता, आणि मी समजत होते की ते आमची हजेरी घेत आहेत.

मुलगा वाईट नव्हता. नीट बोलला. माझ्या शिक्षणाचं त्याने कौतुक केलं. मी नोकरी करायचं म्हणते आहे हे कळल्यावर मात्र तो म्हणाला की त्यांच्या घरात त्याची काही गरज नाही, पण डिग्री वाया जाणार नाही. पुढे मुलांचा अभ्यास घ्यायला कामी येईल. सरांनी मान डोलावली. जी मुलं अजून जन्मली नव्हती, त्यांची ट्यूशन लागलीसुद्धा.

मी आत गेले आणि बाबांना बोलावून सांगितलं की मला हे करायचं नाही.

"काऊन?" बाबांनी विचारलं.

"मले शिकवाचं हाय बाबा. पण त्याईच्या घरच्याच पोराईले नाही."

बाबा बाहेर जाऊन सरांना म्हणाले, "पोरगी नाही म्हनते. चाय घेऊन जा."

सरांनी पुष्कळ समजावलं. मुलींना या वयात आपलं भलं कळत नाही, असं चांगलं स्थळ पुन्हा येत नाही, हे सगळं त्यांनी सांगितलं. मी दाराआडून ऐकत होते. नायिकेच्या बाजूने खुर्चीतून उभा राहणारा माणूस आमच्या खुर्चीतून उठायला तयार नव्हता.

त्यानंतरच्या तासाला कादंबरीतल्या मुलीचा स्वभाव बदललेला निघाला. सर म्हणाले, या पात्राकडे दुसऱ्या बाजूनेही बघितलं पाहिजे. तिने घाई केली. तिच्यात परिपक्वता नव्हती. बिचारी दोनशे वर्षं स्वाभिमानी होती आणि एका रविवारात हट्टी झाली. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, मग पेपरात काय लिहायचं. सर म्हणाले, दोन्ही लिहा.

पुढे माझा सेमिनार आला. विषय सरांनीच दिला, त्या कादंबरीतला विवाहाचा प्रश्न. मी बोलले की या पुस्तकात मुलगा चांगला की वाईट हे ठरण्याआधी त्याचं उत्पन्न ठरतं, आणि प्रेम त्या उत्पन्नाची वाट बघत बाहेर उभं असतं. माझं संपल्यावर सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "एवढं उत्पन्न होतं, तर तिने नकार का दिला?"

मी म्हटलं, "सर, तिला विचारलं होतं म्हणून. विचारल्यावर 'नाही' असंही उत्तर येऊ शकतं."

सर म्हणाले, "बसा." गुण त्यांनी चांगले दिले, हे सांगायला हवं. कदाचित माणूस न्यायी होता. कदाचित कमी दिले असते तर कारण लिहावं लागलं असतं.

त्या राईस मिलवाल्या मुलाचं लग्न नंतर पुढच्या बाकावरच्या त्या मुलीशीच झालं. ती आता मिलचा अर्धा कारभार बघते, नवरा तिला विचारल्याशिवाय माल हलवत नाही, आणि दोघं सुखात आहेत. कोणत्याही समीक्षेत हा शेवट बसत नाही. मी तिच्या घरी जेवून आले आहे.

मी देवरीच्या एका कॉलेजात शिकवते. तीच कादंबरी पुन्हा अभ्यासक्रमात आहे. इंग्लंड संपलं तरी ती संपणार नाही. यंदा नकाराचं प्रकरण मी मोठ्या तयारीने शिकवलं. तास संपत आला तेव्हा मागे बसणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, थे नाही म्हने, तं तिची माय तिच्याशी बोले काय?"

मी पुस्तक मिटलं. सांगितलं की पुस्तकात मायने बराच आरडाओरडा केला. माझी माय तेवढीही बोलली नाही. तिने पावसाळ्यात धानाची रोवणी लागेपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मग एक दिवस धानाच्या बांधीत भर पावसात रोवणाऱ्या बायका परे, म्हणजे धानाची रोपं, मागत होत्या, आणि पऱ्याच्या पेंड्या माझ्याजवळ होत्या. आई चिखलातून ओरडली, "देऊन नाही राहिली काय? पाहत कायले उभी हायस?"

मी धावत जाऊन पेंड्या दिल्या. त्या दिवसापासून ती बोलायला लागली.