पाण्यामागून रोवणा

"बोडी आपली, पाणी आपलं. ते खालच्यायले काऊन सोडाचं, सांग ना!"

आदेश पायांचा चिखल न धुताच घरात आला होता. कमळा चुलीपुढून हलली नाही.

"तुह्या बापानं कधी अडवलं होतं का?"

"बाबानं मासोळ्या सोडल्या होत्या का?"

"पाय धू पहिले. घर सारवलं हाय."

बल्लारपूरचं काम सोडून मुलगा परतला, तेव्हा कमळाला बरंच वाटलं होतं. त्याने बोडी, म्हणजे शेतावरचं लहान तळं, खोल केली, पाऊस लागल्यावर मासोळीचं बीज टाकलं आणि ते वाहून जाऊ नये म्हणून सांडव्यावर रेतीची पोती रचली.

जंगलातून उतरणारं पाणी आधी या बोडीत येई. बोडी भरली की सांडव्यावरून नाल्याला लागे आणि खालच्या गावच्या धानाच्या बांध्यांत पोचे. खालचं गाव कमळाचं माहेर. धानाची रोपं लावायचा रोवणाही पाण्यामागूनच चाले. आधी खालच्या बायका वर येत, कमळाच्या बांध्या रोवून देत. मग पाणी उतरलं की कमळा त्यांच्यासोबत खाली जाई. आईबाप गेल्यावर माहेरी जायला तिला हेच एक निमित्त उरलं होतं.

यंदाही तिने सवयीने मोठ्या गंजात चहा मांडला. कोणीच आलं नाही. ती आणि सून मंजुषा दोघीच रोवत राहिल्या. चहा उकळून काळा झाला. नीलाबाईला, लहानपणच्या मैत्रिणीला, फोन लावला तर तो वाजून वाजून बंद झाला.

आज दुपारी ती स्वतःच खाली गेली. नाल्यात गोटे उघडे पडलेले, नीलाबाईच्या धानाचे पऱ्हे पिवळे, लावणीआधीच रोपं सुकत चाललेली. नीलाबाई अंगणात तूर निवडत होती. बस म्हणाली नाही.

"तुमची बोडी भरली म्हनते?" एवढंच विचारलं, आणि पुन्हा सुपात पाहू लागली.

"आई, पोत्याच्या वर आलं का जाईनच ना पाणी खाली," चुलीत लाकूड सारत मंजुषा हळूच म्हणाली.

"तवापर्यंत पऱ्ह्याचं गवत होईन."

"अन् मासोळ्या गेल्या तं?" आदेश ओरडला.

"जाळी लाव. तरी गेल्या तं नीलाबाई रांधीन. तिचा रस्सा माह्यापेक्षा चांगला रायते."

मंजुषाला हसू आलं. आदेशला नाही. तो पाय धुवायला बाहेर गेला.

तो आत आला तेव्हा कमळा भात वाढत होती.

"उद्या पोते काढीन मी," ती म्हणाली. "मंग पाण्यासंग खाली नीलाबाईच्या रोवण्याले जाईन. माह्यासाठी भात नका मांडू."