मोर झोपतात कुठे

ओमकारच्या गाडीत सीटखाली शेंगांची टरफलं साठत जातात ना, तसे आमचे किस्से साठलेत. साफ करायला घ्यावं, तर अजून निघतात.

आम्ही म्हणजे मी, माझा रूममेट ओमकार आणि वैशालीवहिनी. आम्ही दोघं मुरलीपुऱ्यात भाड्याने राहतो, आयटीवाले. वहिनी साताऱ्याच्या, राहतात मिलिटरी क्वार्टर्समध्ये. मागच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. त्यांचे मिस्टर, आमचे दादा, बॉर्डरवर. जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे शहराबाहेर चौमू गावाच्या रस्त्यावर चहा पीत होतो. मोरांची रांग शेतात शिरताना दिसली. दादा वहिनींना म्हणाले, "हे झोपतात कुठं, तेवढं हुडकून ठेव. सुट्टीवर आलो की पहाटे झाडावरून उतरताना बघू."

दादा गेले आणि दर रविवारी आमची ड्युटी लागली.

*

ओमकारची थिअरी होती, "मोर झोपायच्या आधी ओरडतात. आवाजामागे जायचं, बस!"

गेलो. बाजरीतून, काट्यांतून, एका कुंपणाला वळसा घालून. आवाज जवळ जवळ येत गेला आणि समोर एका रिसॉर्टचं गेट! आत झाडाला स्पीकर टांगलेला. पाहुण्यांसाठी मोराची टेप.

वॉचमन म्हणाला, "असली वाले टाइम पे नहीं बोलते, साहब."

*

मग ओमकारला वाटलं, मोर आपल्याला बघून पळतात. राजा पार्कच्या बाजारातून जंगल प्रिंटचं जॅकेट घेऊन आला. स्वतःवर जाम खूश.

वहिनींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भाऊजी, असलं घालून लपता येत असतं, तर ह्यांना मी सुट्टी संपल्यावर घरातच लपवलं असतं."

*

शेवटी झाड सापडलं ते पकडले गेल्यावर. एका शेतात पिसं शोधत होतो, तर म्हातारी काठी घेऊन आली. "पंख चुराने आए हो?"

आम्ही दोघं मागे सरकलो. वहिनी पुढे झाल्या. "नहीं माताजी. हमारे वो आनेवाले हैं, उनको मोर दिखाना है."

म्हातारीने काठी खाली ठेवली. "मेरा बेटा भी दुबई में है. बैठो, चाय पियो."

पिंपळाखालच्या खाटेवर बसून चहा प्यालो. अंधारून आलं आणि डोक्यावर धाडधाड पंख वाजले. एक, मग दुसरा, मग अख्खी टोळी. ज्या झाडासाठी गावभर फिरलो, त्यालाच टेकून बसलो होतो.

*

आता फक्त दादा यायचे बाकी होते. सुट्टी पुढे गेली. मग आणखी पुढे. रविवारी मोर झाडावर चढायला लागले की वहिनी व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरायच्या. हात भरून आला की दुसऱ्या हातात.

एकदा नेटवर्क फारच वाईट होतं. स्क्रीन काळी. दादा म्हणाले, "काय दिसत नाही, काय ऐकू येत नाही. पण ठेवू नको."

*

पावसाळा सरत आला की मोरांचे पिसारे झडतात. पिंपळाखाली लांब पिसं पडायला लागली. ओमकार आधी पळत जाऊन ती गोळा करायचा आणि डिकीत लपवायचा. वहिनींना दिसू नयेत म्हणून.

एका रविवारी वहिनी म्हणाल्या, "डिकी उघडा, पिशवी ठेवायचीय."

उघडावी लागली. त्यांनी एक पीस उचललं, परत ठेवलं. "झाडावर थोडी उरलीत न्हवं?"

*

आणि दादा आले! रात्रभर ट्रेनमध्ये उभ्याने. आम्ही स्टेशनवरूनच, अंधार असतानाच, त्यांना शेतात नेलं. पिंपळापासून जरा लांब खाट टाकलेली. दादा-वहिनी खाटेवर, आम्ही दोघं मागे जमिनीवर.

उजाडलं. आधी लांडोरी उतरल्या. मग तो. पिसारा अर्धाच उरलेला, पण काय सांगू! वरच्या फांदीवरून निघाला तो तरंगत, लांडोरींच्या डोक्यावरून, थेट खाटेपुढे. ओमकार कॅमेऱ्याचं बटण दाबायचं विसरला.

मी दादांकडे बघितलं. बसल्या बसल्या झोपलेले, डोकं वहिनींच्या खांद्यावर.

ओमकार त्यांना हलवायला पुढे सरकला. वहिनींनी मान न वळवता त्याचा हात धरला.

"भाऊजी, हलू नका. उडून जाईल."

मोर तर केव्हाच बाजरीत शिरला होता.