सरदार फार बोलतो

आमच्या थोरल्या जाऊबाई दिवसभर नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात बसतात आणि गिऱ्हाईक नसलं की किल्ले लढवतात. काउंटरच्या आड, पाठकोऱ्या कागदांवर, मध्ययुगातली प्रेमकथा रंगात आलेली असते. कुणी फ्रेम बघायला आलं की तेवढा वेळ राजकन्या बुरुजावर ताटकळत उभी.

"वहिनी, आजच्या काळातलं का नाही लिहीत?" मी एकदा वाटाणे सोलताना विचारलं.

"आजच्या काळात विरह कुठं उरलाय? तो मोहिमेवर गेला की अर्ध्या तासात फोन करणार, पोचलो म्हणून. वर विचारणार, येताना दूध आणू का? तिथं बघ, निरोप निघाला की घोडा दमतो, नदी आडवी येते, तोवर ती बिचारी झुरते. झुरायला निवांतपणा लागतो गं!"

बोलता बोलता निम्मे वाटाणे त्यांच्याच तोंडात गेले.

पहिलं पुस्तक बऱ्यापैकी चाललं. दुसऱ्याच्या वेळी मात्र प्रकाशनातल्या बाईंचा फोन आला. "नायिका झकास आहे. पण ती या सरदारावर का भाळते, तेच कळत नाही. महिनाअखेरपर्यंत त्याच्यात जीव आला तर छापू, नाहीतर राहू द्या."

जाऊबाईंचा चेहरा पडला. दुकान, स्वयंपाक, मुलांच्या परीक्षा यांतून चोरलेला सगळा वेळ त्या बाडात गेला होता.

आमच्या घरात प्रत्येक प्रकरणाची जेवणानंतर तालीम होते. राजकन्या मी, कारण मला नाही म्हणता येत नाही. सरदार भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, कारण त्यांना नाही म्हणायची सोय नाही. त्या रविवारी नेमका नाजूक प्रसंग निघाला. किल्ल्याला वेढा पडलाय आणि सरदार जिन्यात उभा राहून पानंच्या पानं प्रेम व्यक्त करतोय.

भाऊजी खाकरले आणि औषधाची चिठ्ठी वाचावी तसे वाचू लागले. "हे सुनयने, तुझ्या डोळ्यांत मला माझं अवघं राज्य दिसतं..."

"अहो, सरदार आहात तुम्ही! जरा आवाज काढा."

"इतकं बोलत बसला तर शत्रू आत नाही का येणार?"

"येऊ दे. पुढची ओळ मी सांगते, थांबा." जाऊबाईंनी कागद हातभर लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब नेला.

भाऊजींनी आपलं पान खाली ठेवलं. "अगं, असं कधीपासून करतेस?"

"कसं?"

"जवळचं दिसत नाहीये तुला. चल खाली दुकानात."

"अहो, प्रेमाचा प्रसंग चाललाय!"

"प्रेम थांबेल. चल."

डोक्याला टॉवेल गुंडाळलेली राजकन्या, म्हणजे मी, मागोमाग गेले. सुटीचं दुकान, शटर अर्धं खाली, उजेड फक्त अक्षरांच्या पाटीचा. भाऊजी जाऊबाईंच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून एकेक भिंग घालून बघत होते. "आता बरं, की आधीचं?" पुन्हा भिंग. "नीट सांग. घाई नाही." गावभरचे डोळे तपासले आणि घरातले राहिले, हे त्यांना चांगलंच लागलं होतं. तोंडानं मात्र "हनुवटी खाली घे," एवढंच. एरवी जाऊबाईंनी चार शब्द सुनावले असते. आज त्या भिंगांआडून त्यांच्याकडेच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरदाराचं भाषण फाडून टाकलं. नव्या प्रकरणात तो काही बोलतच नाही. राजकन्या अंधाऱ्या जिन्यात भिंत चाचपत उतरते, तेवढं तो बघतो. सकाळी जिन्याच्या कडेनं धरायला दोर बांधलेला असतो. कुणी बांधला, कुणी सांगत नाही. तिला कळतं.

बाईंचा फोन आला. "छापतोय. अशा माणसावर मीसुद्धा भाळले असते!"

जाऊबाईंनी फोन ठेवला आणि मला अशी मिठी मारली की माझ्या हातातला चहा सांडला. मग ते प्रकरण भाऊजींना वाचायला दिलं. त्यांनी काउंटरवर बसून शांतपणे वाचलं, शेवटचा कागद उलटून मागं काही आहे का तेही बघितलं.

"दोराचं बरं सुचलं तुला," ते म्हणाले. "पण हा तिला सांगणार कधी? बायकांना सांगावं लागतं."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

"असं होय? कसं सांगावं म्हणता? एकदा म्हणून दाखवा ना."

भाऊजींचे कान लाल झाले. त्यांनी समोरची, मुळीच न मळलेली फ्रेम उचलली आणि पुसायला घेतली.