घोषणेच्या मागे कोण?

चाळकऱ्यांनो, आज फळ्यावर सुविचार लिहीत नाही.

सकाळी मुलुंडला आमच्या जुन्या कारखान्याच्या गेटवर युनियनची सभा होती. निवृत्त असूनही शाळेतल्या कवितेच्या चालीत घोषणा रचून गेलो. माणसं जमली नाहीत, तर पगाराचा करार कंपनी आपल्या पाळीव युनियनशी करणार.

कामावरून काढलेला आमचा पुढारी सावंत एकटाच झेंडा धरून उभा. मागच्या करारानंतर परबाने त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. तोच परब सकाळच्या पाळीच्या कामगारांबरोबर समोरून आला.

"गिरणीवाल्यांचं काय झालं बघितलंस ना? बाजूला हो रे!"

सावंत हसला. "खांदा कसा आहे?"

"हलका झालाय आता."

सगळी पाळी खदखदून हसली. मी घोषणा दिली. कुणीच ओ दिली नाही.

उद्या पुन्हा सभा आहे. घोषणा मी देईन. मागे कोण म्हणणार?