पातळ पट्टी

धक्क्यावर त्याला सगळे शिडवाला म्हणत. होड्यांची शिडं शिवायची, फाटलेली सांधायची हा त्याचा धंदा, आणि बोलायचा विषयही तोच. शिडांची गोष्ट काढा, माणूस सुटला. घरची काढा, तोंडात मिठाची गुळणी.

घरात तो आणि बायको, दोघंच. लेक नोकरीसाठी लांबच्या शहरात गेलेली. नवरा-बायकोत भांडण असं कधी झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, निदान आवाज तरी झाला असता. विहीर आटावी तसं बोलणं आटत गेलं, कुणाच्या लक्षात न येता. "जेवण वाढलंय." "हं." "दिवा घालवा." "हं." संपला दिवस.

बोलायची ती फक्त होडीवर. क्लबच्या शर्यतीत ती सुकाणू धरायची, तो शिडं सांभाळायचा. वारा वाढला की तो होडीच्या पुढच्या टोकाला रांगत जायचा, मोठं शीड उतरवून लहान चढवायचा, आणि ती मागून ओरडायची, "अहो, लाट येतेय, धरा!"

"अगं, सरळ ठेव!"

"सरळच आहे. तुम्हीच वाकडे!"

महिनाभरात घरी झालं नसेल एवढं बोलणं एका दुपारी व्हायचं.

या मोसमाच्या सुरुवातीला भांडी विसळताना ती म्हणाली, "मोठी शर्यत झाली की मी लेकीकडे जाते."

"किती दिवस?"

"बघू."

ती गेली तर परत यायला तिला काही कारण हवं, आणि त्याच्यापाशी देण्यासारखं एकच होतं: होडी. मागे एकदा ती म्हणाली होती, "तुम्ही पुढे रांगत गेलात की माझा जीव टांगणीला लागतो." तेवढं एक वाक्य त्यानं धरून ठेवलं आणि होडीला गुंडाळी बसवली. म्हणजे पुढचं शीड ज्या तारेवर चढतं, तिच्याभोवतीच ते पडद्यासारखं गुंडाळायचं. मागे बसून दोर ओढला की शीड हवं तेवढं लहान. रांगायला नको, जीव टांगायला नको.

पण यात एक मेख असते. शीड म्हणजे सपाट चादर नव्हे. त्याला मध्ये पोट असतं, त्या पोटात वारा भरून होडी चालते. जोराच्या वाऱ्यात मात्र पोट नको, शीड सपाट हवं. अर्धवट गुंडाळलं की शीड लहान होतं खरं, पण मधलं जादा कापड तसंच राहतं आणि पोट उलट जास्तच सुटतं. म्हणून पुढच्या कडेला आतून स्पंजाची पट्टी शिवतात, मध्ये जाड, दोन्ही टोकांना निमुळती. गुंडाळताना ती जाडी मधलं जादा कापड खाऊन टाकते.

दुसऱ्यांच्या शिडांना त्यानं अशा कितीतरी पट्ट्या शिवल्या होत्या. स्वतःच्या शिडाशी हात अडला. जाड पट्टीनं मंद वाऱ्यात होडीचा वेग मरतो. शर्यतीच्या दिवशी वारा पडलेलाच असला तर? त्याला तिला जिंकून द्यायचं होतं. त्यानं पट्टी पातळ ठेवली. इकडेही भागेल, तिकडेही भागेल. गिऱ्हाइकानं असे दोन दगडांवर पाय ठेवायला सांगितलं असतं, तर यानंच त्याला वेड्यात काढलं असतं.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासूनच वारा नुसता अंगावर येत होता. त्यानं दोर ओढला आणि एक तृतीयांश शीड गुंडाळलं.

"बघ! बसल्या जागी!"

"छान झालंय हो," ती म्हणाली. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

वाऱ्याच्या विरुद्ध, वर चढायची वेळ आली तेव्हा शिडाचं पोट सुटलं. होडी वर चढेचना. कलंडायची आणि आडवी सरकायची. शिडाचा दोर ज्या कप्पीतून येतो ती कप्पी त्यानं पुढे सरकवली, दोर आणखी ताणला. उपयोग शून्य. लहान शिडं चढवलेल्या होड्या एकेक करून वरच्या अंगानं निघून गेल्या. त्यांतच दातांचा डॉक्टर होता, दरवर्षीचा प्रतिस्पर्धी.

"शिडवाले, शीड आहे की उशीचा अभ्रा?"

ती म्हणाली, "डॉक्टर, आ करायला लोकांना सांगा! स्वतः मिटा!" आणि खळखळून हसली.

हे हसू त्यानं कैक वर्षांत ऐकलं नव्हतं. तो हुरळला.

"थोडं उघडतो. गाठू त्याला."

"नको हो. वारा बघा. उलट आणखी गुंडाळा. मागे राहिलो तर राहिलो, जाऊ गप्पा मारत. मला कुठं जिंकायचंय?"

त्याला फक्त 'नको' ऐकू आलं, आणि तेही त्यानं मानलं नाही. त्यानं गुंडाळीचा दोर खुंटीवरून सोडवला, हातभर ढील द्यायला. तेवढ्यात झोत आला. दोर तळहात सोलत निसटला आणि अख्खं शीड फाडकन उघडलं. होडी आडवी झाली. सुकाणूच्या दांड्यानं तिला उचलून फेकलं आणि तिचं मनगट लाकडी कठड्यावर आपटलं.

होडी सावरली. शीड डोक्यावर धडधडत होतं. त्यानं मान वर करून ओरडून विचारलं, "फाटलं का?"

तिनं हात छातीशी धरला होता. तिनंही वर पाहिलं. "नाही. शाबूत आहे."

मग त्याला तिचा हात दिसला. "अगं, लागलं?"

"दोर ओढा," ती म्हणाली.

त्यानं सोललेल्या हातांनी दोर ओढला, पूर्ण शीड गुंडाळलं. शर्यत सोडून ती दोघं मागच्या शिडावर परत निघाली. धक्का येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. पलीकडच्या होडीतून दातांच्या डॉक्टरनं हाक मारून विचारपूस केली, त्याला तिनं नीट उत्तर दिलं.

हाताला प्लास्टर घालून ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरायला बसली. तो दारात उभा राहिला.

"हात बरा होईपर्यंत तरी थांब."

"तिथंही होईल बरा."

त्याला खूप काही म्हणायचं होतं. शब्द शोधता शोधता तोंडातून निघालं, "मी दुसरी पट्टी शिवतो. जाड."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे, रेल्वेच्या खिडकीतून स्टेशनवरच्या माणसाकडे बघावं तशी.

"शिवा," ती म्हणाली. मग बॅग पायानं त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "एवढी चेन लावून द्या. एका हातानं होत नाही."

तो खाली बसला. बॅग फुगली होती, मध्ये कपडे जास्त झाले होते. त्यानं गुडघ्यानं ते दाबले, दोन्ही कडा जुळवून धरल्या आणि चेन शेवटपर्यंत ओढली. कुठेही अडकली नाही.