आतल्या खोलीतला गारवा

दार जरा लोटून घे. हे मी अजून कोणापाशी बोलली नाही — चर्चच्या पाळकसाहेबांपाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवाले माहीत आहे, पण तो बिचारा कोणाले सांगत नाही, म्हणून निभून गेलं.

रायपूरचा मे महिना तुले ठाऊकच आहे. नळाचं पाणीसुद्धा चटके देते. आमच्या चर्चच्या मंडळीत घरोघरी एसी लागून राहिले होते, अन् शंकर नगरात आमच्याकडे मात्र तोच खसचा कूलर. माझा नुसता जळफळाट — आता खोटं काहून बोलू? अशातच एका घरगुती प्रार्थनेत साक्ष द्यायले, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायले, उभी राहिली अन् तोंडातून निघून गेलं, प्रभूनं कूलर दिला, मी त्यातच तृप्त आहे, त्याचे उपकार! बापा रे! बायांनी डोळे पुसले. रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात माझं नाव घेतलं — समाधान पाहावं तर या बाईचं.

तेव्हा ते खोटं नव्हतं. निदान कूलर तरी खरा होता.

पुढल्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी आतल्या खोलीत एसी बसवला. मी नको म्हटलं? छे! रिमोट उशीखाली घेऊन झोपली. पण साक्षीचं काय करू? लोकं ती पुन्हा पुन्हा मागायचे, अन् मी — मी देत होती. मागच्या भिंतीबाहेरच्या एसीच्या डब्यावर जुनी साडी टाकली. प्रार्थना आमच्याकडे असली की आतलं दार बंद, "हे झोपले आहेत." अन् एसीचं बादलीत गळलेलं पाणी — हसू नको — तेच मी कूलरमध्ये ओतायची.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं तसं नाही.

रूथमावशी आमच्याच मंडळीतली. तात्यापारा मोहल्ल्यात वरच्या खोलीत एकटी राहते, डोक्यावर टिनाचं छप्पर. तिचा पोरगा भिलाईले असतो. त्यानं तिच्यासाठी एसी आणला, तर मावशीनं तो आल्या पावली परत पाठवला. काहून? "तू कूलरात देवाचे उपकार मानते, मग मले काय धाड भरली?" हे तिनं मलेच सांगितलं, कौतुकानं, माझा हात हातात घेऊन. तेव्हा बोलायचं होतं ना? एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "प्रभू पाहून राहिला, मावशी."

त्याच आठवड्यात तिले उन्हाची लू लागली. चक्कर येऊन मोरीपाशी पडली. शेजारणीचा फोन आला तशी मी धावली — कांदा घेतला, पन्हं घेतलं, ओल्या फडक्यानं तिचे तळपाय पुसले. खोलीत नुसती भट्टी. तिले रिक्षात घालून माझ्या घरी न्यायचं, गार खोलीत निजवायचं, एवढंच तर होतं. मी नाही नेलं. नेलं असतं तर आतलं दार उघडावं लागलं असतं. म्हणून तिथंच बसून हातपंख्यानं वारा घालत राहिली, अन् ती मले आशीर्वाद देत राहिली. संध्याकाळी पोरगा आला अन् तिले दवाखान्यात घेऊन गेला.

वाचली. देवाचीच कृपा, माझी नाही.

परवाच्या रविवारी काठी टेकत चर्चमध्ये आली. साक्ष द्यायले उभी राहिली तर पाय लटपटत होते, म्हणून मीच दंडाले धरलं. म्हणाली, या पोरीनं मले समाधान शिकवलं, हिच्यासाठी मी प्रभूचे उपकार मानते. सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली, आमेन.

मी पण म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं.

मग घरी आली, आतल्या खोलीचं दार लावलं अन् एसी सुरू केला.