एक्स्प्रेसला हात

केडगाव स्टेशनात रोज सकाळी एक आप्पा दिसायचे. पायाशी शेवंतीची पाटी, डोक्यावर तिरपी टोपी. एक्स्प्रेस धडधडत आली की एसटीला करावा तसा ते तिला हात करायचे. ती न थांबता निघून जायची. आम्ही पुण्याला नोकरीला जाणारे हसायचो. मागची पॅसेंजर रखडत पुण्यात पोचेपर्यंत आप्पांची फुलं मान टाकायची.

एकदा मी म्हणालो, "आप्पा, ही काय एसटी आहे? थांब्यासाठी आपले खासदार संसदेत भांडतायत ना!"

"व्हय, टीव्हीवर बघितलं की. बोलू द्या म्हणून त्येंनीबी हातच वर केला हुता. कुनी बघंना, तरी खाली घेतला न्हाई."

अखेर थांबा मिळाला. पहिल्या दिवशी ढोल, गुलाल, हार घेऊन खुद्द खासदार. एक्स्प्रेस दिसली, गर्दीतून आप्पांचा हात वर गेला आणि गाडी थांबली. सगळा फलाट शिट्ट्यांनी दणाणला. पाटी चढवून आप्पा दारातून ओरडले, "सायेब, तुमी तिकडनं हात केला, मी हितनं. जाती कुठं!"

थांबा मिळाला, तरी आप्पा रोज हात करतातच. आता आम्हीही करतो.